ग्राफीनच्या कडेला डोमेनची भिंत का थांबते?

परभणीहून एका पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्न पाठवला आहे. थोडक्यात सांगायचं तर त्यांनी सिलिकॉनवर ३ नॅनोमीटर प्लॅटिनम आणि त्यावर २ नॅनोमीटर कोबाल्ट अशी फिल्म स्पटरिंगने (निर्वातात धातूचे अणू उडवून थर चढवण्याची पद्धत) केली. मग तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेलं ग्राफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, फेरिक क्लोराइडमध्ये तांबं विरघळवून सोडवलं, पाण्यातून उचललं आणि कोबाल्टवर ठेवलं. ते अखंड बसलं नाही, त्याचे वीस-वीस मायक्रॉनचे तुकडे पडले. दोन महिन्यांनी केर सूक्ष्मदर्शकाखाली (परावर्तित प्रकाशातून चुंबकत्वाची दिशा काळी-पांढरी दाखवणारा) पाहिलं तर ग्राफीनखालचे डोमेन, म्हणजे एकाच दिशेच्या चुंबकत्वाचे पट्टे, बारीक आणि बाहेरचे मोठे दिसले. शिवाय दोन डोमेनमधली सरकणारी भिंत तुकड्याच्या कडेपाशी येऊन अडकते. त्यांचे मार्गदर्शक म्हणतात, कार्बन काही चुंबकीय नाही, व्हीएसएमचा (सगळ्या सॅम्पलचं चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचा) लूप, म्हणजे फील्डबरोबर चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख, तोही ग्राफीन ठेवण्याआधी होता तसाच आहे, म्हणजे हा प्रकाशाचा भास असणार. तर हा भास आहे का? आणि नसेल तर ‘ग्राफीनमुळे डोमेन बदलले’ असं पेपरात लिहावं का?

भास नाही. पण ‘ग्राफीनमुळे’ हा शब्द आज लिहू नका. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी, ते सांगते.

आधी व्हीएसएमचं. तुमचं सॅम्पल ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटर आहे आणि तुकडा २० मायक्रॉन बाय २० मायक्रॉन. भागाकार करून पाहा, तुकडा म्हणजे सॅम्पलचा ६२,५०० वा भाग. असे शंभर तुकडे असले तरी व्हीएसएमला त्यांचा पत्ता लागणार नाही, कारण ते यंत्र सगळ्या सॅम्पलची सरासरी सांगतं. आपल्याकडे, छत्रपती संभाजीनगर काय किंवा नांदेड काय, चुंबकत्वाचं काम बहुतेक फेराइटवर (लोखंडाच्या ऑक्साइडच्या चुंबकीय पदार्थांवर) झालेलं आहे: पावडर करायची, गोळी दाबायची, भट्टीत भाजायची, एक्स-रे काढायचा, लूप काढायचा. ती परंपरा चांगली आहे, मीही त्यातच शिकले. पण तिथे एक सवय लागते. मायक्रॉनभर जाडीच्या कणात पृष्ठभागावरचे अणू हजारांत एखादे असतात, त्यामुळे पृष्ठभाग विसरला तरी चालून जातं. १ नॅनोमीटर कोबाल्टमध्ये (तुमच्या २ नॅनोमीटरमधून ऑक्साइड वजा जाता धातू साधारण एवढाच उरतो, ते पुढे येईल) मात्र अणूंचे जेमतेम पाच थर असतात. वरच्या थराचं काहीही झालं, तरी एकूण पदार्थाच्या पाचव्या हिश्शाचं झालेलं असतं. तुमच्या मार्गदर्शकांना हा आकडा दाखवा, बोलणं सोपं होईल.

आता प्रकाशाचा भास. केर परिणामात ग्राफीनमुळे फरक पडतो हे खरं. एक थर साधारण २.३ टक्के प्रकाश शोषतो आणि वरून पीएमएमएचा, म्हणजे ग्राफीन उचलताना आधाराला लावलेल्या प्लास्टिकचा, चिकट अंश राहिला असेल तर परावर्तन आणखी बदलतं. पण यामुळे काळ्या-पांढऱ्यातला फरक फिका किंवा गडद होईल. भिंतीची जागा बदलणार नाही आणि डोमेनची रुंदी बदलणार नाही. चष्म्याची काच धुरकट झाली म्हणून समोरच्या शेताचा बांध हलत नाही. तुमच्या चित्रात भिंत खरोखर कडेला अडकते, फील्ड, म्हणजे बाहेरून लावलेलं चुंबकीय क्षेत्र, वाढवलं की सुटते. हे चुंबकीयच आहे.

भिंत का अडकते हे समजायला कार्बन चुंबकीय आहे की नाही हा प्रश्न विचारायची गरजच नाही. भिंतीला ग्राफीन दिसत नाही. तिला फक्त एवढंच कळतं की इथे उभं राहायला किती ऊर्जा लागते आणि चार पावलं पुढे किती लागेल. ही ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते. एक विनिमय, म्हणजे शेजारच्या अणूंची एकमेकांशी समांतर राहण्याची ओढ. आणि दुसरी अनायसोट्रॉपी, म्हणजे चुंबकत्वाला ठरावीक दिशेलाच बसायची ओढ. दोन्हींचा गुणाकार करायचा, वर्गमूळ काढायचं आणि चौपट करायची. भिंतीची जाडी निघते ती विनिमय भागिले अनायसोट्रॉपीच्या वर्गमूळाला पायने गुणून. कोबाल्टचा विनिमय स्थिरांक सुमारे १५ पिकोज्यूल प्रति मीटर धरा आणि तुमच्यासारख्या फिल्मची निव्वळ अनायसोट्रॉपी २ लाख ज्यूल प्रति घनमीटर धरा. भिंतीची ऊर्जा सुमारे ७ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर येते आणि जाडी २७ नॅनोमीटर.

आता समजा एका रेषेपलीकडे ही अनायसोट्रॉपी २० टक्क्यांनी वेगळी आहे. रेषा भिंतीच्या जाडीपेक्षा धारदार असेल, तर भिंत ओलांडायला लागणारं फील्ड म्हणजे दोन्हीकडच्या अनायसोट्रॉपीतला फरक भागिले चुंबकनाची (कोबाल्टचं सुमारे १४ लाख अँपिअर प्रति मीटर) दुप्पट. ४० हजार भागिले २८ लाख केले की १४ मिलिटेस्ला येतात. तुम्ही लिहिलेली फील्ड याच पट्ट्यातली आहेत. म्हणजे कडेला भिंत थांबायला कुठलाही चमत्कार लागत नाही, दोन्ही बाजूंना वीस टक्क्यांचा फरक पुरतो.

आपल्याकडच्या माणसाला हे शेतावरून चटकन कळतं. दोन डोमेनमधली भिंत म्हणजे दोन शेतांमधला धुरा. शेजारी दरवर्षी वखरताना धुरा वीतभर कोरत पुढे येतो. पण मध्ये मुरमाड पट्टा लागला की कोरणं थांबतं, कारण तिथे वखर चालवायला जास्त जोर लागतो. आणि गंमत अशी की मुरमाकडून काळ्या जमिनीकडे यायला काहीच अडचण नसते. अडणं एकाच बाजूने असतं. हा शेवटचा मुद्दा डोक्यात ठेवा, तुमचा सगळा निकाल त्यावर लागणार आहे.

डोमेनच्या आकाराबद्दल एक इशारा. इतक्या पातळ, उभ्या (म्हणजे फिल्मच्या पृष्ठभागाला लंब) चुंबकत्वाच्या फिल्ममध्ये समतोलातला डोमेन किती रुंद असावा हे भिंतीच्या ऊर्जेवर घातांकी पद्धतीने अवलंबून असतं. ऊर्जा थोडी कमी झाली की रुंदी कितीतरी पटींनी घटते. त्यामुळे चित्रात दिसणारा मोठा फरक पाहून कारणही मोठंच असेल असं समजू नका. शिवाय तुम्ही पाठवलेली चित्रं एकदा फील्ड उलटवून लगेच घेतलेली आहेत. त्यात दिसतं ते डोमेन कुठे जन्मले आणि कुठे अडकले त्याचं चित्र, समतोलाचं नव्हे. उलटसुलट बदलणारं फील्ड हळूहळू शून्यावर आणून फिल्म नीट विचुंबकित करा, मगच रुंदी मोजा.

आता खरा प्रश्न: अनायसोट्रॉपीत फरक आला कुठून?

ग्राफीन हे करू शकतं याबद्दल शंका नाही. ग्राफीनच्या जाळीचा स्थिरांक २.४६ आंगस्ट्रॉम, कोबाल्टच्या षट्कोनी पृष्ठभागाचा २.५१ आणि निकेलचा २.४९. इतकी जुळणारी जोडी क्वचित मिळते. अतिनिर्वात कक्षात स्वच्छ कोबाल्टवर ग्राफीन बसलं की ते नुसतं टेकत नाही, बांधलं जातं. दोन्हींमधलं अंतर सुमारे २.१ आंगस्ट्रॉम होतं, ग्राफाइटच्या दोन थरांत ते ३.३५ असतं. कार्बनची उभी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांच्या वावराच्या जागा) कोबाल्टच्या डी-ऑर्बिटलमध्ये मिसळतात. कार्बनवर अगदी लहानसं चुंबकत्वही उमटतं. २०१६ साली कोबाल्ट-ग्राफीनच्या अभ्यासात दिसलं की ग्राफीनखाली कोबाल्टची पृष्ठीय अनायसोट्रॉपी उघड्या कोबाल्टच्या दुप्पटीपर्यंत जाऊ शकते आणि अडीच नॅनोमीटर जाडीपर्यंत चुंबकत्व उभं राहू शकतं. २०१८ साली तर ग्राफीनसारख्या हलक्या अणूंच्या थरामुळेही ज्यालोशिन्स्की–मोरिया परस्परक्रिया निर्माण होते, हे प्रयोगाने दाखवलं गेलं. ही क्रिया शेजारच्या स्पिनांना (अणूंच्या इवल्या चुंबकांना) एका ठरावीक हाताने वळायला लावते, भिंतीचा प्रकार बदलते आणि तिची ऊर्जाही कमी करते. जड मूलद्रव्याशिवाय हे होणार नाही असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत होतो. तो निकाल वाचला त्या दिवशी मला खरंच फार आनंद झाला होता.

पण हे सगळं अतिनिर्वातात, हवा न लागता झालेलं आहे. कोबाल्ट बहुधा ग्राफीनच्या खाली सरकवलेला असतो, म्हणजे ग्राफीन आधी आणि कोबाल्ट नंतर. तुमचा कोबाल्ट स्पटरिंगच्या कक्षातून बाहेर आला, हवेत राहिला, मग त्यावर पाण्यात तरंगणारं ग्राफीन आलं. कोबाल्टला हवा लागताच काही मिनिटांत त्यावर ऑक्साइडचा थर येतो, साधारण नॅनोमीटरभर. म्हणजे तुमचं ग्राफीन कोबाल्टवर नाहीच, ते कोबाल्ट ऑक्साइडवर आहे, मध्ये पाण्याचे अडकलेले फुगे आहेत. २.१ आंगस्ट्रॉमचा प्रश्नच येत नाही. ऑर्बिटल मिसळण्याची भाषा या सॅम्पलला लावता येत नाही.

याचा पुरावा तुमच्याच हातात आहे. तुम्ही ग्राफीन ओळखायला रामन वर्णपट (विखुरलेल्या लेसर प्रकाशाचा आलेख) जोडला आहे, त्यात ग्राफीनची ओळख असलेली जी आणि टू-डी ही दोन्ही शिखरं ठसठशीत आहेत. निकेल किंवा कोबाल्टशी घट्ट बांधलेल्या ग्राफीनची ही शिखरं जवळजवळ नाहीशी होतात. ती इतकी सुरेख दिसणं म्हणजे ग्राफीन धातूपासून सुटं असल्याची साक्ष आहे. आपण सगळे ते शिखर ‘ग्राफीन चांगलं आहे’ म्हणून आनंदाने पेपरात टाकतो. इथे तेच शिखर तुमच्या दाव्याच्या विरोधात बोलतं.

मग फरक आला कुठून? माझं मत असं: ग्राफीनने काय केलं हे विचारण्याआधी, ग्राफीन नव्हतं तिथे हवेने काय केलं हे विचारा.

ग्राफीन हवेला आणि ओलाव्याला चांगलं अडवतं. तुकड्याखालचा कोबाल्ट पहिल्या दिवसाच्या ऑक्साइडवर थांबला. बाहेरचा दोन महिने, तोही पावसाळ्याच्या, हळूहळू गंजत राहिला. समजा आत १.२ नॅनोमीटर धातू उरला आणि बाहेर १.०, म्हणजे फक्त एका अणुथराचा फरक. दोन्ही पृष्ठांची मिळून अनायसोट्रॉपी १.७ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर धरा. ती जाडीने भागायची आणि त्यातून फिल्मच्या आकारामुळे येणारे सुमारे १२.३ लाख ज्यूल प्रति घनमीटर वजा करायचे. आत १.९ लाख उरतात, बाहेर ४.७ लाख. एका अणुथराने अनायसोट्रॉपी दुप्पटीहून जास्त झाली! दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी आहे ना, म्हणून. भिंतीची ऊर्जा बाहेर वाढली, डोमेन मोठे झाले. आत ती कमी राहिली, डोमेन बारीक राहिले. तुमचं चित्र असंच आहे. (प्लॅटिनम-कोबाल्ट-ऑक्साइड या रचनेत थोडा ऑक्सिजन अनायसोट्रॉपी वाढवतो आणि जास्त झाला की मारतो, हे जुनं ज्ञान आहे. त्यामुळे आणखी काही महिन्यांनी चित्र उलटंही होऊ शकतं.)

हे मी ठामपणे बोलते, कारण ही चूक मी केली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच सॅम्पल होतं, असंच चित्र होतं. लेखाचा मसुदा तयार झाला, शीर्षकात ग्राफीन होतं. मध्ये आलेख नीट काढायला म्हणून एका विद्यार्थिनीने दिवाळीनंतर तेच सॅम्पल पुन्हा पाहिलं. जूनपासून ते साध्या डबीत, सिलिका जेल न घालता पडलेलं होतं. फरक दीडपट वाढला होता. तिने दोन्ही चित्रं शेजारी ठेवून मला विचारलं, ‘मॅडम, यातला बदललेला भाग कुठला?’ ग्राफीनखालचे डोमेन जूनमधल्यासारखेच होते. बदलला होता तो बाहेरचा, उघडा भाग. मसुदा आम्ही मागे घेतला. तो प्रश्न तिने विचारला नसता, तर एक चुकीचा लेख माझ्या नावावर कायमचा राहिला असता.

तुम्ही काय करायचं ते सांगते. सगळ्यात आधी दोन्ही बाजूंनी भिंत चालवून पाहा. ग्राफीनच्या आत एक डोमेन जन्मवून तो बाहेर येऊ द्या, मग बाहेरून एक भिंत आत नेऊन पाहा. कमी ऊर्जेच्या भागातून जास्त ऊर्जेच्या भागात जाताना ती अडेल, उलट जाताना सरळ निघून जाईल. माझं म्हणणं बरोबर असेल, तर ती आतून बाहेर येताना अडायला हवी. बाहेरून आत जाताना अडली, तर अनायसोट्रॉपी ग्राफीनखाली जास्त आहे आणि माझा अंदाज चुकला; मग या उत्तराचा हा भाग बाजूला ठेवून मला लगेच कळवा. दोन्हीकडून अडली, तर कडेवर सुरकुती, चिकट अंश किंवा फेरिक क्लोराइडमधून राहिलेला लोखंडाचा कण असण्याची शक्यता पाहा. खरं तर चुंबकीय कामात फेरिक क्लोराइड वापरूच नये, अमोनियम परसल्फेट घ्या. लोखंडाचा अंश कोबाल्टच्या सॅम्पलवर ठेवणं म्हणजे साक्षीदारालाच आरोपीच्या शेजारी बसवणं.

दुसरी कसोटी थरांची. तांब्यावर वाढवलेल्या ग्राफीनमध्ये मधूनमधून दोन-तीन थरांची बेटं असतातच. कोबाल्टला टेकतो तो फक्त सगळ्यात खालचा थर. त्यामुळे परिणाम इलेक्ट्रॉनिक असेल तर एका थराखाली आणि तीन थरांखाली तो जवळपास सारखा दिसायला हवा. केरमधला उजेड-अंधार थरांबरोबर बदलेल, डोमेनची रुंदी बदलता कामा नये. बदलली, तर कारण झाकण्यात आहे. एका थराला भेगा आणि छिद्रं असतात, तीन थर जास्त चांगलं झाकतात.

तिसरी कसोटी स्वस्त आहे आणि मला फार आवडते. कोबाल्ट ऑक्साइड प्रतिलोहचुंबकीय आहे, म्हणजे त्यातले शेजारचे अणू उलट दिशांना तोंड करून असतात; ही मांडणी ज्याच्या खाली टिकते ते नील तापमान सुमारे २९१ केल्विन. १९५६ साली माइकलजॉन आणि बीन यांनी ऑक्साइड चढलेल्या कोबाल्टच्या कणांत जी एक्सचेंज बायस, म्हणजे ऑक्साइडच्या पकडीमुळे लूपचं एका बाजूला सरकणं, शोधली, ती तुमच्या सॅम्पलमध्येही असायला हवी. त्याच दिवशी केलेल्या फिल्मचे दोन मोठे तुकडे घ्या, एक ग्राफीनने शक्य तितका पूर्ण झाकलेला, एक उघडा. फील्डमध्ये ठेवून द्रव नायट्रोजनच्या तापमानापर्यंत थंड करा आणि लूप काढा. लूप एका बाजूला सरकला, तर ऑक्साइड आहे हे सिद्ध. उघड्या तुकड्यात जास्त सरकला, तर तिथला ऑक्साइड जाड किंवा अधिक सलग आहे याला जोर मिळतो. सरकला नाही म्हणून ऑक्साइड नाही असं मात्र म्हणू नका. फार पातळ ऑक्साइडमध्ये ही पकड ७७ केल्विनच्याही खाली सुरू होते. इथे व्हीएसएम कामाला येईल, कारण आता सगळं सॅम्पल एकसारखं आहे.

आणि फिल्मचा एक कोरा तुकडा हवाच: तेच पीएमएमए, तेच पाणी, तेच अॅसिटोन, फक्त ग्राफीन नाही. हा तुकडा नसेल तर मी परीक्षक म्हणून लेख परत पाठवते.

भिंतीचा हात, म्हणजे ती कोणत्या बाजूने वळते, हे पाहायची हौस तुमच्या पत्रात दिसते. गोल डोमेन करून त्याला आडवं फील्ड लावायचं आणि तो डावी-उजवीकडे किती असमान वाढतो ते पाहायचं, ही पद्धत तुमच्या सूक्ष्मदर्शकावर होऊ शकेल. पण तुमच्या फिल्मखाली प्लॅटिनम आहे आणि त्याची परस्परक्रिया एवढ्या पातळ कोबाल्टमध्ये १ मिलिज्यूल प्रति चौरस मीटरच्या पातळीची असते. त्यातून वरच्या सैलसर ग्राफीनचा वाटा वेगळा काढणं या सॅम्पलवर होणार नाही. ते आत्ता सोडून द्या.

ग्राफीनसारखाच थराथरांनी सोलता येणारा चुंबक, क्रोमियम ट्रायआयोडाइड, घेऊ का, असंही विचारलंत. नको. २०१७ मध्ये त्याच्या एका थरात चुंबकत्व सापडलं ही मोठी गोष्ट, पण ते ४५ केल्विनच्या खाली आणि हवेत ते पाहता पाहता खराब होतं. थंड करायला हीलियम आणि हवा न लागू देणारी पेटी (ग्लोव्हबॉक्स) दोन्ही हाताशी नसताना त्यात तीन वर्षं घालवू नका. मॉलिब्डेनम डायसल्फाइड जास्त शहाणपणाचं. ते चिकटपट्टीने सोलता येतं आणि हवेत टिकतं. तिथे फिल्म त्याच्यावर चढवा आणि वरून लगेच, कक्ष न उघडता, प्लॅटिनमचं झाकण टाका. मग हवेचा प्रश्न दोन्ही भागांना सारखाच राहील. फक्त स्पटरिंगची ताकद कमी ठेवा, नाहीतर धडकणारे अणू गंधक उडवतात आणि धातू-गंधकाचा मृत, म्हणजे चुंबकत्व नसलेला, थर तयार होतो.

हाच उपाय ग्राफीनलाही लागू आहे: तुकडे आधी, कोबाल्ट नंतर, झाकण त्याच निर्वातात. ग्राफीनला स्पटरिंगचे घाव बसतात, म्हणून बाष्पीभवनाने चढवता आलं तर उत्तम. इंदूरला यूजीसी-डीएईच्या संशोधन केंद्रात किंवा पवईला आयआयटीत यंत्रांवर वेळ मागताना अर्जात हे स्पष्ट लिहा.

आत्ताचं सॅम्पल फेकू नका. आजच छोट्या डेसिकेटरमध्ये (ओलावा न येऊ देणाऱ्या बंद भांड्यात) ताज्या सिलिका जेलवर ठेवा आणि दोन्ही बाजूंनी भिंत चालवलेली चित्रं झाली की, कोणत्या बाजूने किती मिलिटेस्लाला सुटली, ते आकडे पाठवा. तुकड्यांना नंबर द्या, म्हणजे महिन्याभराने तोच तुकडा पुन्हा सापडेल.